रेडिओची जुनी संध्याकाळ उभी करायची, तर आधी साल ठरवा

तालुक्याच्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी विचारलं आहे: सुरुवातीच्या काळातल्या रेडिओवरचं संगीत आणि आपल्याकडची प्रादेशिक करमणूक असा दोन तासांचा कार्यक्रम करायचा आहे. जुनी गाणी बरीच जमवली आहेत. ती स्पीकरवर लावायची आणि मध्ये मध्ये निवेदन करायचं, असा बेत आहे. एवढ्यावर कार्यक्रम उभा राहील का? आणि निवड कशी करावी?

कार्यक्रम उभा राहील, पण ती जुन्या गाण्यांची संध्याकाळ होईल. रेडिओची होणार नाही. माझी नोकरीची वर्षं रेडिओच्या कार्यक्रम विभागात गेली आणि निवृत्तीनंतर अशा संध्याकाळी बसवायला मी ठिकठिकाणी जात असतो. त्या अनुभवावरून सविस्तर सांगतो.

आपल्याकडचा रेडिओ पहिली पंचवीसेक वर्षं जवळजवळ सगळा जिवंत होता. गायक, सारंगिये, तबलजी, नाटकातली पात्रं, व्याख्याते सगळे वेळेवर स्टुडिओत यायचे, लाल दिवा लागायचा आणि जे व्हायचं ते त्याच क्षणी घराघरांत पोचायचं. तबकडीवर मुद्रण करण्याची यंत्रं होती, पण ती जपून वापरली जात. टेपवर मुद्रण करण्याची सोय सरसकट व्हायला १९५० चं दशक उजाडलं. त्यामुळे त्या काळच्या प्रसारणातलं फारच थोडं शिल्लक आहे. तुम्ही ‘जुनी रेडिओची गाणी’ म्हणून जी जमवली आहेत ती बहुतेक सगळी ग्रामोफोन कंपन्यांनी दुकानांत विकलेल्या तबकड्यांची असणार. रेडिओ त्या वाजवत असे, हे खरं. पण रेडिओचा जीव समोर बसून गाणाऱ्या माणसांत होता. म्हणून कार्यक्रमाचा निम्म्याहून जास्त भाग तुमच्या परिसरातल्या माणसांनी गायला, वाजवायला आणि बोलायला हवा. तबकड्या चार पुरेत.

आता साल. ‘जुना काळ’ म्हणून १९२७ ते १९७० सगळं एका पातेल्यात घातलं की काहीच खरं वाटत नाही. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केलं आणि त्याचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. प्रक्षेपकाची ताकद दीड किलोवॅट, म्हणजे मुंबई आणि आसपासचा तीसेक मैलांचा टापू. रेडिओ ऐकण्याचा वर्षाचा परवाना १० रुपयांचा, आणि देशभरातले परवाने आठ हजारांच्याही आत. कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने प्रसारण हाती घेतलं आणि ८ जून १९३६ ला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं. तरीही ऑल इंडिया रेडिओचं मराठी मुलखातलं केंद्र मुंबईचं एकच. नागपूर सुरू झालं १६ जुलै १९४८ ला आणि पुणे २ ऑक्टोबर १९५३ ला.

याचा तुमच्या निवडीशी थेट संबंध आहे. १९४८ च्या आधी मराठी रेडिओ म्हणजे मुंबईचा रेडिओ, आणि तोही इंग्रजी, गुजराती, हिंदुस्थानीच्या बरोबरीने वेळ वाटून घेतलेला. घाटावरच्या, वऱ्हाडातल्या माणसाला स्वतःच्या बोलीतला आवाज पेटीतून ऐकू आला तो नागपूर आणि पुणे केंद्र निघाल्यावर. म्हणून तुमच्या विषयातला ‘संगीत’ हा भाग एका सालात आणि ‘प्रादेशिक’ हा भाग दुसऱ्या सालात ठेवा. मी सुचवीन ते असं: पहिला तास १९३८ ची मुंबई, मध्यंतर, दुसरा तास १९५६ चं पुणे. तुम्ही विदर्भातले असाल तर दुसऱ्या तासाला नागपूर घ्या. साल ठरलं की निम्मे वाद मिटतात. उदाहरणार्थ, तुमच्या ज्येष्ठ सभासदांपैकी कुणीतरी ‘पुन्हा प्रपंच’ हवंच म्हणणार. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत माझेही फार लाडके आहेत, पण ती मालिका १९५६ नंतरची. तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ करा.

पहिल्या तासाची सुरुवात संकेतधुनीने करा. ती वॉल्टर कॉफमन या चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या संगीतकाराची. नाझींच्या छळातून सुटून तो मुंबईत आला आणि १९३७ पासून मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिन आणि शिवरंजनीची छाया असलेली ती धून आहे. गावात व्हायोलिन वाजवणारा कुणी असेल तर त्याच्याकडून वाजवून घ्या, सोबत खरा तंबोरा ठेवा. पुढे उद्घोषणा. ‘आकाशवाणी’ म्हणू नका, १९३८ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ म्हणा. उद्घोषणा लहान हवी: काय सादर होणार, कोण सादर करणार, साथीला कोण. आजचे निवेदक गाण्याआधी पाच मिनिटं आठवणी सांगतात. त्या काळी ती चैन नव्हती, आणि मला विचाराल तर गाण्यालाही तिची गरज नसते.

मग पंधरा मिनिटांचं शास्त्रीय गायन. इथे थोडा रेंगाळतो, कारण रेडिओने आपल्या संगीताला जे वळण दिलं ते इथेच कळतं. दरबारात किंवा माडीवरच्या बैठकीत गवई रात्र रात्र गात असत. तबकडीने त्यांना तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायला लावलं. रेडिओने पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास दिला आणि समोर घड्याळ ठेवलं. समोर श्रोता नाही, दाद नाही, ‘क्या बात है’ नाही. काचेपलीकडे बसलेला माणूस बोटांनी खुणा करतोय, दोन मिनिटं उरली, एक उरलं. कित्येक मोठ्या गवयांना हे मानवलं नाही. पण ज्यांना साधलं त्यांच्या मांडणीत एक रेखीवपणा आला: आलाप नेमका, बंदिशीचं तोंड लवकर, द्रुत वेळेवर. तुमच्या गायकाला नेमकी हीच अट घाला. मंचावर मोठं घड्याळ ठेवा, लाल दिवा ठेवा आणि पहिल्या गायनाला प्रेक्षकांनी मध्ये टाळ्या वाजवू नयेत अशी विनंती करा. त्या पंधरा मिनिटांत सभागृहाला स्टुडिओतली शांतता कळेल.

साथीचं एक पथ्य. पहिल्या तासात हार्मोनियम चालेल. दुसऱ्या तासात चालणार नाही. १ मार्च १९४० पासून रेडिओने हार्मोनियमला बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत कमीअधिक टिकली. कारण सांगत ते असं की पेटीचे सूर ठोकून बसवलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, दाखवता येत नाहीत. या मताशी मी पूर्ण सहमत नाही. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या महाराष्ट्राने ऐकली त्याला ते पटणंही कठीण होतं. पण त्या बंदीमुळे सारंगी, व्हायोलिन, बासरी यांना रेडिओवर काम मिळालं, हेही तितकंच खरं. तुमच्या दुसऱ्या तासात सुगम गायकाला फक्त व्हायोलिन किंवा बासरीवर गायला लावा. आधी तो कुरकुर करेल. श्रोत्यांना मात्र एका तासापूर्वीच्या गाण्यातला आणि या गाण्यातला फरक न सांगता ऐकू येईल.

शास्त्रीयनंतर नाट्यसंगीत. १९३८ मध्ये संगीत रंगभूमी बोलपटांच्या धक्क्याने खचलेली होती आणि तिची पदं मात्र रेडिओ आणि तबकड्यांमुळे घरोघर पोचत होती. १९११ च्या ‘मानापमान’मधलं एखादं पद आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मधलं एखादं पद एवढं पुरे. पहिल्याचं संगीत टेंब्यांचं, दुसऱ्याचं भास्करबुवा बखल्यांचं, दोन्ही पदरचना खाडिलकरांची. यातलं एक पद जिवंत आणि दुसरं बालगंधर्वांच्या तबकडीवरून घ्या. तुमच्या चार तबकड्यांपैकी पहिली इथे खर्च होऊ द्या.

त्यानंतर भावगीत. हा प्रकार रुजला तो तबकडी आणि रेडिओ या दोघांच्या बळावर. नागपूरकडचे जी. एन. जोशी, इचलकरंजीचे जे. एल. रानडे आणि थोडं नंतर गजाननराव वाटवे यांनी कविता गाण्यात आणली ती मायक्रोफोनला धरून. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मायक्रोफोनसमोर कुजबुजीइतका हळवा स्वरही पोचू लागला आणि शब्दाचा अर्थ स्वरातून सांगणं शक्य झालं. गायकाला हे समजावून द्या: भावगीत माइकजवळ जाऊन, हलक्या आवाजात. भा. रा. तांब्यांच्या कवितांपैकी एखादी निवडली तर काळालाही शोभेल.

पहिल्या तासाच्या शेवटी आठ-दहा मिनिटांचं नभोनाट्य, म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. गावातल्या हौशी नाटकवाल्यांना हे फार आवडतं. ध्वनी सगळे हाताने करा: पत्रा हलवून गडगडाट, चाळणीत वाटाणे फिरवून पाऊस, नारळाच्या करवंट्यांनी टापा, लाकडी चौकटीत वाळू पसरून पावलं. मोबाइलवरचा तयार पाऊस लावू नका. हाताने केलेल्या पावसात माणसाच्या श्वासाची लय असते आणि नटाला त्यावर वाक्य टाकता येतं. प्रेक्षकांनी हे सगळं पाहावं की फक्त ऐकावं, यावर मतं दोन आहेत. मी पहिली चार मिनिटं मंचावर अंधार ठेवतो, फक्त रेडिओ संचाच्या डायलवर प्रकाश. मग दिवे लावून बाकीचं नाटक उघड्यावर. अंधार याहून जास्त लांबवला की मुलं चुळबुळ करतात.

आता दुसरा तास. १९५६ म्हटलं की गीतरामायणाबद्दल विचारणा होणारच, तेव्हा आधी तेच. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं हे काम पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून एप्रिल १९५६ पर्यंत आठवड्याला एक गाणं याप्रमाणे प्रसारित केलं. एकूण ५६ गाणी. यामागे केंद्रावरचे सीताकांत लाड होते. आज लोकांच्या कानात ते सगळं बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्या, एकट्याच्या आवाजात आहे, कारण पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिका आणि त्यांचे मंचावरचे कार्यक्रम. रेडिओवर मात्र अनेक आवाज होते: माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक, गजानन वाटवे आणि आणखी कितीतरी. तुम्ही एकच गाणं घ्या, आणि ते स्त्रीपात्राचं असेल तर स्त्रीलाच गाऊ द्या. तीन-चार गाणी घेतलीत तर संध्याकाळ त्याचीच होईल आणि तुमच्या प्रादेशिक भागाला जागा उरणार नाही.

प्रादेशिक भाग ही या कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि सर्वांत जास्त बिघडते तीही तीच. ‘लोकधारा’ म्हणून सगळ्या महाराष्ट्राची एकेक चव देण्याचा मोह होतो. रेडिओच्या केंद्रांनी तसं केलं नव्हतं. ज्या केंद्राचा जो टापू, तिथली मंडळी बोलावली जात. तुम्ही कोकणातले असाल तर नमन, खेळे, जाखडी. खानदेशातले असाल तर अहिराणी गाणी. झाडीपट्टीत असाल तर दंडार आणि खडी गंमत. घाटावर असाल तर गोंधळ, भारूड, पोवाडा. आणि निवडताना कसोटी एकच: डोळे मिटून ऐकलं तर उभं राहतं का? दशावतारातला अर्धा रंग वेशभूषेत आणि हालचालीत असतो, तो कानाला कमी मिळतो. तमाशातली बतावणी मात्र नुसत्या आवाजावर पूर्ण उभी राहते, कारण ती बोलण्याचीच कला आहे. सवाल-जवाबही तसेच. जात्यावरच्या ओव्या तर रेडिओसाठीच असाव्यात इतक्या शोभतात, फक्त खरं जातं आणा आणि दळायला खरं धान्य घाला. रिकाम्या जात्याचा आवाज कर्कश येतो.

मायक्रोफोन एकच ठेवा, निदान या भागासाठी. त्या काळच्या स्टुडिओत बहुतेक वेळा एकाच माइकभोवती माणसं अंतर मोजून उभी केली जात, आणि समतोल त्या अंतरावर ठरे. मुख्य गायक हातभर अंतरावर, तुणतुणं त्याच्या मागे, डफ आणि संबळ सहा-सात फूट लांब आणि थोडे बाजूला. संबळ जवळ ठेवलं की शब्द बुडाले म्हणून समजा. झिलकऱ्यांना, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांना, अर्धवर्तुळात उभं करा. तालमीच्या वेळी जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा, म्हणजे आयत्या वेळी कुणी पुढे सरकणार नाही. मंडळी आपापला माइक मागतील. देऊ नका. एका माइकवर मंडळी एकमेकांचं ऐकून गातात आणि मेळ जुळतो.

पुणे केंद्राची एक हकिकत तुमच्या निवेदनात जरूर घ्या. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांमध्ये शेतकरी श्रोतामंडळांचा प्रयोग झाला. गावकरी ठरलेल्या वेळी संचाभोवती जमत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर आपसात चर्चा करत आणि आपलं म्हणणं केंद्राकडे कळवत. असे वीस कार्यक्रम झाले. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात त्या काळात व्यंकटेश माडगूळकर होते. गावच्या बोलीला रेडिओवर प्रतिष्ठा मिळाली त्यात अशा माणसांचा वाटा मोठा. तुम्ही सात-आठ मिनिटांचा दोन शेतकऱ्यांचा संवाद तुमच्याच बोलीत लिहून घ्या. विषय आजचा असला तरी चालेल. संपल्यावर सभागृहातले दिवे लावून प्रेक्षकांना पाच मिनिटं बोलतं करा. बोली मात्र विनोदासाठी वापरू नका. ज्यांची ती भाषा आहे ते समोर बसलेले असतात.

सिनेमाची गाणी? १९५६ च्या तासात जवळजवळ नाहीत. माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या धोरणामुळे ती तेव्हा आपल्या केंद्रांवरून हटली होती आणि लोक रेडिओ सिलोन लावत. तिथे बिनाका गीतमाला हा सिनेगीतांचा कार्यक्रम डिसेंबर १९५२ पासून दर बुधवारी रात्री लागे. सिनेगीतं वाजवणारी आपली विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला आली. हे दाखवायचं तर एक छोटं दृश्य करा: घरातला मुलगा काटा हळूच सिलोनकडे फिरवतो, एका ओळीपुरतं गाणं कमीजास्त होत ऐकू येतं, वडील काटा परत आणतात. माझ्या अनुभवात याला हमखास दाद मिळते, कारण समोरच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाने यातली एक भूमिका केलेली असते.

आवाजाच्या तांत्रिक बाजूबद्दल दोन गोष्टी ठामपणे सांगतो. गाण्यांवर मुद्दाम खरखर चढवू नका. ती तबकडीची असते, रेडिओची नव्हे. केंद्राजवळच्या गावात मध्यम लहरींवरचा आवाज स्वच्छ येई. तो अरुंद मात्र असे, खर्ज आणि तार दोन्ही कापलेले. तसा परिणाम हवा असेल तर एकच स्पीकर वापरा आणि पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग कमी करा, बस. दुसरं, तुमच्याकडच्या तबकड्यांच्या प्रतींचा वेग तपासा. जुन्या सगळ्या तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत, आणि प्रत करणाऱ्याने तिकडे लक्ष दिलेलं नसतं. आवाज चिरका किंवा जड वाटला तर जाणकार गायकाला ऐकवा. सफाईच्या नावाखाली सगळा खरखराट पुसलेल्या प्रतीही टाळा. त्यात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, आणि सारंगीचा धागा दोन्ही पुसले जातात.

मंचावर खरा व्हॉल्व्हचा संच ठेवणार असाल तर माळ्यावरून काढून थेट वीज जोडू नका. आतले कंडेन्सर वाळलेले असतात, आणि काही संचांच्या धातूच्या सांगाड्यातच वीज खेळते. जाणकाराकडून तपासून घ्या. संच चालू अवस्थेत असेल तर बहुतेकांना मागे ग्रामोफोन जोडायची जागा असते, तिथून तुमचा आवाज सोडता येतो. छोटा प्रक्षेपक लावून खरंच प्रसारण करण्याची कल्पना कुणीतरी मांडेल. परवान्याशिवाय ते बेकायदा आहे.

हक्कांचं थोडक्यात. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, शब्द आणि चाल यांचा कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, बखले १९२२ मध्ये, टेंबे १९५५ मध्ये, तांबे १९४१ मध्ये, म्हणजे तिथे अडचण नाही. गदिमा १९७७ मध्ये आणि बाबूजी २००२ मध्ये गेले, त्यामुळे गीतरामायणाचे हक्क अजून शाबूत आहेत. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला कायद्यात सवलत आहे. तिकीट लावणार असाल किंवा कार्यक्रम चित्रित करून पुढे पाठवणार असाल, तर आधी परवानगी घ्या. माझा सल्ला प्रवेश विनामूल्य ठेवण्याचा आहे.

शेवटी कागद. रेडिओवर प्रत्येक सभेचा, म्हणजे प्रसारणाच्या प्रत्येक सत्राचा, क्यू शीट असे, मिनिटा-मिनिटाचा. तुम्हीही करा: वेळ, काय, कोण, कुठून सुरू, कुठे संपणार. एक तबकडी कायम राखीव ठेवा, कारण कुणीतरी उशिरा येणारच आणि मधली पोकळी भरून काढावी लागणारच. रंगीत तालीम घड्याळ लावून दोनदा घ्या, दुसऱ्यांदा न थांबता. पहिल्या तालमीत तुमचा दोन तासांचा कार्यक्रम सव्वादोन-अडीच तासांवर जाईल. तेव्हा निवेदन कापा, गाणी कापू नका.